सतराव्या शॉटमधली फुली

आधी घडलं ते क्रमाने.

१. दोन वर्षांपूर्वी मी ‘खारबांध’ नावाच्या जुन्या कृष्णधवल मराठी चित्रपटाच्या दुरुस्तीवर काम केलं. माझ्याकडे चौथं रीळ होतं.
२. त्या रिळातल्या सतराव्या शॉटमधून मी अकरा पांढरे ठिपके धूळ समजून काढून टाकले.
३. गेल्या महिन्यात आत्याचा फोन आला. ‘खारबांध’ पेणला मोठ्या पडद्यावर लागणार होता, आणि त्यात तिची आई आहे असं ती म्हणाली. चेहरा दिसत नाही. नाकातली फुली चमकते, तीच खूण.
४. फुलीची चमक फिल्मवर पांढऱ्या ठिपक्यासारखीच दिसते.
५. शनिवारी मी पुण्याहून रोह्याला गेले आणि रविवारी आत्याला घेऊन पेणला. चित्रपट सुरू होईपर्यंत क्रमांक दोन मी तिला सांगितला नव्हता.

शेवट बरा झाला, हे आत्ताच सांगून टाकते. ज्यांना फक्त गाड्या, रस्ते आणि खाणं यांची माहिती हवी आहे त्यांनाही ती खाली मिळेल, पण मधे मधे.

आत्याची आई म्हणजे माझी आजी. ती गेली तेव्हा माझे बाबा अकरा महिन्यांचे होते आणि हिराआत्या नऊ वर्षांची. आजीचा एकही फोटो नाही. आजोबा पेणच्या खाडीपट्ट्यात मिठागरावर कामाला होते, आजी मीठ वाहायची. शूटिंगवाले आले तेव्हा त्यांनी मिठागरावरच्याच बायांना बांधावरून चालायला सांगितलं होतं. वर्षभराने गावात तंबूतला सिनेमा आला, तोपर्यंत आजी नव्हती. आत्याने तो चित्रपट तेव्हा एकदाच पाहिला. पुढे त्याच्या प्रती खराब होत गेल्या आणि तो कुठेच लागला नाही.

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत होते. तरी दोन वर्षांपूर्वी ते रीळ माझ्यासमोर आलं तेव्हा मला काही कळलं नाही, कारण आत्याने त्या चित्रपटाचं नाव कधी घेतलंच नव्हतं. ती त्याला ‘मिठाचा पिक्चर’ म्हणते.

आता फुलीबद्दल. निगेटिव्हवर धूळ बसली की पडद्यावर पांढरा ठिपका दिसतो. आमचं सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेम मागच्या आणि पुढच्या फ्रेमशी ताडून बघतं. जी गोष्ट एकाच फ्रेममध्ये आहे, आधी नाही आणि नंतर नाही, ती खोटी धरायची, असा त्याचा साधा नियम आहे. मग आम्ही यादी करतो. ठेवायचं त्यापुढे बरोबरची खूण, काढायचं त्यापुढे फुली. सतराव्या शॉटमधल्या अकराही ठिपक्यांपुढे मी फुली मारली होती. यादी तपासून आमच्या सामंत सरांनी समासात लिहिलं होतं, ‘१७ : फुली आहे. राहू द्या.’ मी त्याचा अर्थ लावला, की फुली मारली आहे ती बरोबर आहे, तशीच राहू द्या. आणि ठिपके काढले.

आत्याचा फोन ठेवल्यावर मी ती यादी पुन्हा उघडली. सरांनी कोणती फुली म्हटलं होतं ते तेव्हा समजलं.

चित्रपट मूळ मालकांकडे कधीच रवाना झाला होता. आमच्याकडची प्रत टेपवर होती आणि ती काढायला मालकांचं पत्र लागतं, म्हणजे किमान महिना. सामंत सर निवृत्त होऊन वेंगुर्ल्याजवळच्या गावी राहतात. त्यांचा फोन लागला नाही, म्हणून निरोप पाठवला. उत्तर आलं नाही. मी दोन दिवसांचं सामान भरलं.

शनिवार

स्वारगेटहून अलिबागला जाणारी सकाळची एसटी खोपोलीमार्गे पेणला जाते. साडेतीन तास धरा. महिलांना अर्धं तिकीट आहे. घाट उतरताना डावीकडची खिडकी घेऊ नका, डोंगराचा कापच दिसत राहतो. खोपोली ते पेण रस्ता अरुंद पण सुसह्य आहे. पेणला उतरून रोह्याची गाडी धरायची. रेल्वेही आहे, पण दिवसातून मोजक्याच गाड्या, तेव्हा वेळ जुळत असेल तरच तिचा विचार करा.

पेणच्या स्थानकावर मला पाऊण तास मिळाला. चहा घेतला आणि चित्रपटगृह बघून आले. दहा मिनिटांचं अंतर. दारावर हाताने रंगवलेला मोठा फलक होता. पहारेकऱ्याने अभिमानाने सांगितलं, की छापील पोस्टर नको म्हणून हमरापूरच्या एका गणपती रंगवणाऱ्याकडून करून घेतलाय. ते सांगावं लागलं नसतं. नायकाची कांती मूर्तीची गुलाबी होती आणि नायिकेच्या डोळ्यांची आखणी थेट गौरीची. मला फलक आवडला. रंगीत असल्यामुळे त्याचा चित्रपटाशी फार संबंध नव्हता, एवढंच.

रोह्याच्या गाडीने वडखळ, गडब, नागोठणे असं जाऊन मग भिसे खिंडीतून उतरायचं. महामार्गाच्या कामाबद्दल मी काही लिहीत नाही. गडबजवळ दोन्ही बाजूंना कापणी झालेली भातशेती आणि वालाचे हिरवे तुकडे होते. शेजारी बसलेल्या बाईंनी मला विचारलं, कुणाकडे. मी सांगितलं, अष्टमीला, आत्याकडे. मग त्यांनी आत्याचं नाव, माहेर आणि यजमानांची कंपनी विचारली, आणि ओळख निघाली नाही तेव्हा माझ्यावर थोड्या नाराज झाल्या.

अष्टमी म्हणजे कुंडलिकेच्या पुलापलीकडे. हिवाळ्यातही नदी भरलेली असते, कारण वर भिऱ्याच्या वीजघरातून पाणी सुटतं. आत्याचं घर पुलापासून चालत पंधरा मिनिटांवर. आतोबा धाटावच्या एका कंपनीत तीस वर्षं होते. निवृत्त झाले तरी दिवस शिफ्टमध्येच मोजतात. मी पोचले तेव्हा म्हणाले, “जेव आणि झोप. सेकंड शिफ्टला पोपटी हाय.”

पोपटी खाल्ली नसेल तर डिसेंबर ते फेब्रुवारीत या. वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, बटाटे मडक्यात भरतात. वरखाली भांबुर्डीचा पाला, मग मडकं उपडं करून त्याभोवती जाळ. पाणी, तेल काही नाही. मडकं उघडल्याचा वास लिहून सांगता येणार नाही, त्यामुळे प्रयत्न करत नाही.

मला नीट जेवण गेलं नाही. आत्या शेजारणीला उद्याचं सांगत होती. कोणतं लुगडं नेसणार, चष्म्याची काच पुसून ठेवलीय, पुढची रांग नको कारण मान दुखते. शेजारणीने विचारलं, तोंड दिसत नाही तर आई कशी ओळखणार? आत्या म्हणाली, “चालताना नाकात लकाकतंय. दुसऱ्या कुणाच्या नाकात नव्हतं. बाबांनी पेणच्या सोनाराकडनं आणलेली.”

तेव्हाच सांगायला हवं होतं. सगळी वाक्यं मनात तयार होती. पण मला नक्की माहीत नव्हतं, आणि नक्की माहीत नसलेलं मी सांगत नाही. हे कारण खरं आहे. भीती वाटत होती, हेही खरं आहे.

रविवार

आठच्या गाडीने निघालो. आतोबा आले नाहीत. तीन तास अंधारात बसणं त्यांच्या पाठीला जमत नाही. आत्याने डाव्या हातात रुमाल घट्ट धरला होता. नागोठण्याला मला म्हणाली, “तू अशी गप का गो? तुझी आय नाय, माझी आय हाय.” मी म्हटलं, झोप झाली नाही.

पेणला दहा वाजताच चित्रपटगृहाबाहेर गर्दी होती. तिकीट शंभर रुपये, आगाऊ नोंदणी नाही, तेव्हा पुढच्या खेळाला जाणार असाल तर अर्धा तास आधी पोचा. बाल्कनीच्या खुर्च्या बऱ्या आहेत. पंख्यांचा आवाज येतो. खाडीकाठच्या गावांतून माणसं टेम्पो करून आली होती.

तिथे धर्मातात्या भेटले. आत्याच्या माहेरच्या गावचे, ऐंशीच्या पुढचे. गावात त्यांना ‘हिरोचे पाय’ म्हणतात. झालं असं होतं, की नायकाला मिठागरात अनवाणी चालता येईना. मिठाचे खडे तळव्यांना टोचायचे आणि तो उड्या मारायचा. शेवटी पायांचे सगळे शॉट धर्मातात्यांवर घेतले. कुणीतरी मागून ओरडलं, “पाय आले, पाय आले, वाट द्या.” तात्यांनी वळूनही पाहिलं नाही. आत्याला म्हणाले, “हिरा, तोंड त्याचं गेलं, पाय माझे अजून हायेत.”

अकरा वाजून सात मिनिटांनी चित्रपट सुरू झाला.

मी तो तुकड्यातुकड्यांनी शेकडो वेळा पाहिला आहे, पण एका खोलीत, आवाज बंद ठेवून. माणसांबरोबर कधी पाहिला नव्हता. पहिल्या पाच मिनिटांत कळलं, की हे लोक गोष्ट बघतच नाहीयेत. ते मागचं बघत होते. नायिका रडत होती आणि लोक तिच्यामागचं चिंचेचं झाड ओळखत होते. नायकाचे पाय पडद्यावर आले तेव्हा टाळ्या पडल्या, आणि धर्मातात्यांनी बसल्या जागी चपला काढून पाय पुढे केले.

माझी कामाची सवय सुटली नाही. तिसऱ्या रिळात एक ओरखडा राहिलाय. आभाळाचा करडा रंग दोन ठिकाणी जुळत नाही. तेहेतिसाव्या मिनिटाला वरच्या कोपऱ्यात रीळ बदलल्याची गोल खूण आली आणि चौथं रीळ सुरू झालं. त्यानंतर मी फक्त शॉट मोजत होते.

सतरावा शॉट नऊ सेकंदांचा आहे. म्हणजे दोनशे सोळा फ्रेम. बांधावरून सात बाया डावीकडून उजवीकडे जातात. डोक्यावर मिठाच्या टोपल्या, खाली चुंबळ, पदर पुढे ओढलेले. ऊन तिरकं आहे, त्यामुळे चेहरे सावलीत. पहिली बाई फ्रेममध्ये आली. दुसरी आली.

आत्याने माझं मनगट धरलं.

तिसरी बाई आली. चार पावलं चालली. काही नाही. मग तिने मान किंचित वळवली आणि पदराच्या सावलीतून एक पांढरा ठिपका निघाला. एका फ्रेमपुरता. सेकंदाचा चोविसावा भाग. पुन्हा अंधार. मग पुन्हा एकदा. मग पुढच्या पावलाला पुन्हा.

“ती,” आत्या म्हणाली. “ती बघ. आय.”

सभागृहात एकाच वेळी चारपाच जण बोलत होते. कुणी म्हणत होतं पुढची आमची बायजाकाकी, कुणी म्हणत होतं नाही, ती शेवटची. शॉट संपला. आत्याने मध्यंतरापर्यंत माझं मनगट सोडलं नाही. पडद्यावर पुढे काय चाललं होतं ते आम्हा दोघींनाही सांगता येणार नाही.

चित्रपट संपून बाहेर आल्यावर फोन बघितला. सामंत सरांचा निरोप सकाळी दहाला आला होता. तो जसाच्या तसा: ‘गावात रेंज नव्हती. फुली म्हणजे नाकातली. तू तीही काढलीस. शेवटच्या तपासणीत लक्षात आलं, तू रजेवर होतीस, म्हणून मीच मूळ स्कॅनमधून तीन फ्रेम परत घातल्या. बाकीचे आठ ठिपके धूळच होते. तुला सांगायचं राहून गेलं.’

मी चित्रपटगृहाच्या पायरीवर बसले. कुणी विचारलं असतं तर ऊन लागलं म्हणाले असते. पण कुणी विचारलं नाही.

दुपारी जेवायला स्थानकाजवळच्या खानावळीत गेलो. जिताडा मागवला. पेण-अलिबागकडे आलात तर हा मासा चुकवू नका, फक्त आधी भाव विचारा. आत्याने पहिल्या घासालाच सांगितलं, की हा तळ्यातला आहे, खाडीतला नाही, आणि वाढणाऱ्याला ते कबूल करायला लावलं. मग मी तिला सगळं सांगितलं. ठिपके, यादी, दोन्ही फुल्या, सामंत सर. फोनमधला निरोपही वाचून दाखवला.

ती जेवायची थांबली. मला वाटलं आता ओरडेल. तिने विचारलं, “म्हणजे तू माझ्या आयची फुली काढलीस?”

मी हो म्हटलं.

“ती गेली ना, तेव्हा बायांनी काढायला बघितली,” आत्या म्हणाली. “तेल लावलं, साबण लावला. निघंना. मिठाच्या पाण्यानं मळसूत्र गच्च बसलेलं. तशीच गेली ती, नाकात घालून.” तिने भाकरीचा तुकडा मोडला. “तवा कुणाला निघाली नाय. तुला काय निघणार हाय?”

आणि ती हसायला लागली. इतकी, की वाढणारा पाणी घेऊन आला. मी पण हसले. मी सहसा खानावळीत हसत नाही.

मग तिने विचारलं, तुझे सर तीन वेळा कसं म्हणतात? चार वेळा चमकली. मी म्हटलं, तीनच, मी मोजत होते. ती म्हणाली, तिनेही मोजली. बांधाच्या टोकाला, बाहेर जाता जाता, चौथी. मी म्हटलं, तिथे माझ्या यादीत काही नाही. ती म्हणाली, तुझ्या यादीत नसेल.

चारच्या गाडीत तिला बसवलं. स्थानकासमोर पोह्याचे पापड मिळतात, ते घेतले. माझी गाडी पाचला होती. पुण्यात पोचले तेव्हा बाबा वाट बघत होते. त्यांनी एवढंच विचारलं, “दिसली?”

“दिसली. तिसरी.”

“कशी चालते?”

हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. आजवर कुणी मला फ्रेममधल्या माणसाबद्दल असं काही विचारलं नव्हतं. मी आठवून सांगितलं, की डावा हात टोपलीला आणि उजवा मोकळा, आणि उजवा पाय जरा बाहेर टाकते. बाबा दारापर्यंत चालत गेले, परत आले, आणि स्वतःच्या उजव्या पायाकडे बघत राहिले. पुढच्या रविवारी त्यांना नेणार आहे.

आता राहिलं काय, ते.

मालकांना मी पत्र लिहिलं आहे. चित्रपटाच्या अखेरच्या श्रेयनामावलीत कलाकार, तंत्रज्ञ, सगळे आहेत. बांधावरच्या बायांपुढे फक्त ‘ग्रामस्थ’ आहे. तिथे सात नावं घालायला ते तयार आहेत. आत्याने तीन नावं सांगितली, धर्मातात्यांनी दोन. क्रमाने: पहिली बायजा, दुसरी पारू, तिसरी चांगुणा म्हणजे माझी आजी, चौथी माहीत नाही, पाचवी सोनी, सहावी माहीत नाही, सातवी ताराबाई. बायजाकाकी पुढची की शेवटची यावर वाद आहे. तात्यांचं मत मी धरलं आहे.

त्याच पत्रात शॉट सतराची दुरुस्तीची नोंदही मी नव्याने लिहून दिली आहे. ‘नाकातली फुली, तीन फ्रेम, ठेवणे.’ त्याखाली आणखी एक ओळ आहे. बांधाच्या टोकाला, बाहेर जाता जाता, चौथा ठिपका असल्याचं एका प्रेक्षकाने सांगितलं आहे. तो पाण्याचा असेल, मिठाच्या खड्याचा असेल, किंवा माझ्या हातून सुटलेली धूळ असेल. टेप मागवून तपासता येईल. मी तपासणार नाही. पुढे लिहिलं आहे, ‘राहू द्या.’

पेणच्या खाडीपट्ट्यातलं, रोह्यातलं किंवा आणखी कुठलंही तुमचं माणूस तेव्हा त्या मिठागरावर कामाला असेल, तर चौथ्या आणि सहाव्या बाईचं नाव कळवा. खाली प्रतिक्रियेत लिहिलं तरी चालेल. चौथी उंच आहे आणि दोन्ही हात सोडून चालते. सहावीच्या उजव्या दंडावर गोंदण आहे. श्रेयनामावली पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेला बंद होणार आहे, त्यामुळे उत्तर दहा तारखेपर्यंत यावं.